दहा दिवसांची आमटी

साहेबरावांनी उभ्या आयुष्यात एकदाच स्वयंपाक केला, पण तो असा केला की संत तुकाराम नगरातली त्यांची अख्खी इमारत जेवून उठली. वास्तविक तो केला होता फक्त घरच्या दोन माणसांसाठी. मधली हकीकत सांगताना साहेबराव आजही आधी घोटभर पाणी पितात, आणि ऐकणाऱ्याने हसायचं ते शेवटी एकदाच हसून घ्यावं अशी विनंती करतात. ती विनंती अजून कोणी पाळलेली नाही.

ऐंशी सालचा उन्हाळा. त्यांच्या बायकोला, प्रभावतीला, बालवाडीच्या शिक्षिकांसाठी असलेल्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. तळेगावला दहा दिवस राहायचं. एक दिवस जरी बुडाला तरी प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर कॉलनीत जूनपासून निघणाऱ्या बालवाडीतली जागा नाही. त्या जागेसाठी प्रभावतीने दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात साहेबरावांच्या आई चतुराबाई नळावर पाय घसरून पडल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. संकटांना वेळेचं भान असतं, असं साहेबरावांचं मत आहे.

प्रभावती म्हणाली, मी जात नाही. चतुराबाई म्हणाल्या, जा की, मी कुठं नको म्हनते. फक्त एवढंच, की या घरात शिळं चालणार नाही. सकाळचं रात्री चालेल, रात्रीचं फार तर दुसऱ्या सकाळी, त्यापुढे चालणार नाही. हा त्यांचा जुना नेम होता आणि त्यावर घरात कोणी कधी वाद घातला नव्हता. खाणावळीचा डबा त्यांना चालत नव्हता, कारण तो कधी शिजला हे खाणावळवाल्यालाही सांगता येत नसे.

तेव्हा साहेबराव म्हणाले, "घराचं माझ्याकडे लागलं. तू जा."

इथे साहेबरावांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. नावात साहेब आणि राव दोन्ही असूनही कंपनीत त्यांना कोणी साहेब म्हणत नसे की राव म्हणत नसे. सगळे ‘ओ प्लॅनिंग’ अशी हाक मारत. कुठल्या मशीनवर कुठला माल कधी लावायचा हे ठरवणाऱ्या खात्यात ते होते आणि त्या खात्याचा एक मंत्र होता. मशीनचं सेटिंग करायला वेळ जातो. मग एक नग काढा नाहीतर हजार, सेटिंग तेच. म्हणून शहाण्याने एकदाच सेटिंग करावं आणि ढीगभर माल काढून ठेवावा. हा मंत्र स्वयंपाकघरात आजवर कोणी वापरला नाही याचं साहेबरावांना मनापासून आश्चर्य वाटत असे. बायका रोज उठून पुन्हा कांदा चिरतात, पुन्हा फोडणी देतात. हे सगळं सेटिंग रोज, आणि माल निघतो दोन वाट्या.

शिवाय घरात फ्रीज आला होता. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याचा जुना फ्रीज त्यांनी घेतला आणि तो गेल्याच शुक्रवारी टेम्पोतून उतरला. इमारतीतला तो पहिलाच. पाचसहा दिवसांत आजूबाजूच्या घरांतून बर्फाला इतकी माणसं येऊन गेली होती, की साहेबराव दार उघडताना नकळत घसा साफ करायला लागले होते.

त्यांनी योजना मांडली. एकदाच मसुराची आमटी करायची, दहा दिवसांची. डब्यांत भरून बर्फाच्या खणात गोठवायची. रोज एक डबा काढायचा, तापवायचा, बेकरीतून ताजे पाव आणायचे. रोज तीच आमटी का, असं प्रभावतीने विचारलं. साहेबराव म्हणाले, पदार्थ बदलला की सेटिंग बदललं. त्या वरच्या खणात बर्फाचे दोन ट्रेसुद्धा कसेबसे बसतात, हे तिने दाखवून दिलं. माल बसवणं हे एक शास्त्र आहे, असं उत्तर तिला मिळालं. आत्या, म्हणजे सासूबाई, शिळं खाणार नाहीत, हे तिने शेवटी हळूच सांगितलं. त्यावर गोठवलेलं अन्न शिळं नसतंच, ते थांबलेलं असतं, असं साहेबरावांनी समजावलं. शेजारच्या खोलीतून चतुराबाईंचा खोकला ऐकू आला, पण तो साधा खोकलाही असू शकत होता.

बुधवारी दुपारी निघताना प्रभावती दारात थांबली. "आत्यांना एक वेळ जरी उपाशी राहावं लागलं, तर मी मिळेल त्या गाडीने परत येईन. मग प्रमाणपत्र गेलं तरी चालेल." ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर साहेबरावांना बरं वाटलं असतं. वरच्या मजल्यावरच्या बबनरावांचा भाऊ रोज तळेगावहून कामाला येई, त्यामुळे घरची खबर तिथे त्याच दिवशी पोचणार हेही उघड होतं.

प्रभावतीने कृती सांगून ठेवली होती. एका वेळेला वाटीभर मसूर, चमचाभर मीठ, आणि पुढचं सगळं. साहेबरावांनी दोन्ही वेळा धरून सरळ वीसने गुणलं. मसूर भिजत घातले. संध्याकाळी बघतात तर घरातली सगळी पातेली, बादली आणि प्रभावतीची पिठाची परात मसुरांनी व्यापली होती, आणि हे अजून कच्चेच होते. शिजल्यावर ते आणखी फुगणार, ही गोष्ट गुणाकारात आली नव्हती.

मोठं पातेलं हवं होतं. ते कॉलनीच्या मंडळाकडे होतं आणि त्याच्या खोलीची किल्ली यशवंतरावांकडे होती. यशवंतराव नियमाचे पक्के. मंडळाची भांडी कार्याला मिळत: लग्न, बारसं, जयंती, नाहीतर कोणी गेलं तर पुढचं. त्यांनी विचारलं, कार्य काय? साहेबराव म्हणाले, कार्य असं नाही, घरी आमटी करायची आहे. यशवंतरावांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. आमटीला मंडळाचं पातेलं दिल्याचा दाखला नव्हता, आणि उद्या प्रत्येक जण आमटीसाठी आला तर मंडळ चालायचं कसं? अर्धा तास शब्दाला शब्द वाढला. फ्रीज हा शब्द काढल्यावर तर यशवंतराव जास्तच सावध झाले. अखेर साहेबराव थकून म्हणाले, "घरगुती कार्य आहे असं समजा." यशवंतरावांनी तत्काळ किल्ली काढली. त्यांना समजायला काहीच हरकत नव्हती.

पातेलं जिन्यावरून वर जाताना चारही बाजूंची दारं उघडली. ते गॅसवर मावेना, म्हणून पुन्हा खाली आलं, आणि दारं पुन्हा उघडली. शेवटी इमारतीच्या मागे तीन विटा मांडून चूल पेटली. मोठं पातेलं आणि मागच्या अंगणात चूल, याचा अर्थ कॉलनीत लहान मूलसुद्धा सांगू शकेल. साहेबराव मात्र ढवळत होते.

मीठ घालताना जरा गोंधळ झाला. प्रभावतीचा चमचा म्हणजे मिठाच्या बरणीतला इवलासा. साहेबरावांचा चमचा म्हणजे पोहे खायचा. वीस चमचे मोजून घातल्यावर त्यांनी चव घेतली आणि बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिले. बबनराव गॅलरीतून बघतच होते. ते खाली आले आणि बटाटे टाका म्हणाले, बटाटा खारटपणा ओढतो. बटाटे टाकले. मग आमटी दिसेनाशी झाली म्हणून पाणी. मग चव गेली म्हणून तिखट. बबनरावांच्या बायको शालनबाईंनी कणकेचे गोळे सुचवले, ते विरघळून आमटी दाट झाली, म्हणून पुन्हा पाणी. समोरच्या दारातल्या मंजुळाबाई चिखलीच्या, माहेर-सासर दोन्ही जुन्या शेतकरी घरांतलं; त्या पदर खोचून आल्या आणि गूळ घालून गेल्या. जाताना त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "सायेबराव, काय हाय म्हनायचं उद्याच्याला?"

"काही नाही हो मंजुळाबाई. आमचंच आपलं."

"आसू द्या, आसू द्या," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि तोंड दुसरीकडे करून गेल्या.

आमटी अखेर बरी झाली, हे मान्य करावं लागेल. इतक्या लोकांनी हात लावल्यावर ती वाईट व्हायला वावच नव्हता. फक्त ती आता दहा दिवसांची राहिली नव्हती, पावसाळ्यापर्यंतची झाली होती. घरातले डबे संपले, तेव्हा साहेबरावांनी दारोदार जाऊन डबे मागितले. कुठल्याच घराने नाही म्हटलं नाही. प्रत्येक डब्यावर मालकिणीचं नाव कोरलेलं होतं, कोणाच्या लग्नात मामाने दिला तेही होतं. रात्री फ्रीज भरल्यावर आत पाहिलं तर लग्नातला आहेर मांडल्यासारखं दिसत होतं. बर्फाच्या खणात मंजुळाबाईंचा डबा तेवढा मागे ठोकून बसवता आला, पुढे दोन लहान बसले, आणि बाकीचे खाली एकावर एक. ट्रे, अंडी आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर पडल्या. दार लागेना, तेव्हा त्याला सुतळीने बांधलं. फ्रीज घरघरत, थरथरत रात्रभर चालू होता. साहेबराव समाधानाने झोपले.

सकाळी उठले तेव्हा घरात शांतता होती. घरघर थांबली होती. साहेबरावांनी सुतळीला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. माल गार झाला, मशीन आपोआप बंद पडलं, एवढं त्यांना कळत होतं. सुट्टीचा दिवस होता. त्यांनी सावकाश चहा केला, आईला दिला, पेपर वाचला. उकडत होतं, पण मे महिन्यात उकडायचंच. अकराच्या सुमारास फ्रीजखालून पाण्याची एक रेघ निघाली आणि दिवाणाखाली शिरली. साहेबरावांनी ती पुसली. दुसरी निघाली. तेवढ्यात बबनराव दाढीचा साबण गालावर घेऊनच दारात आले.

"काय राव, फ्रीज कसा चाललाय?"

"सकाळीच बंद झाला. गोठवून मोकळा."

बबनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर न फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. "साहेबराव, आज वार कुठला?"

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. सगळ्या जगाची सुट्टी रविवारी, आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची गुरुवारी. का, तर गुरुवारी वीज बंद असते. लाईन तीच असल्याने कॉलनीचीही वीज सकाळी जाते ती संध्याकाळी येते. इतकी वर्षं हे चाललं होतं की गुरुवारी दिवा लागत नाही याची कोणी दखलही घेत नसे. आणि कंपनीच्या फळ्यावर दर आठवड्याला, लाल खडूने, ‘गुरुवार: वीज बंद’ असं ठळक अक्षरांत कोण लिहीत असे? साहेबराव. दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून त्यांनी स्वयंपाकाला बुधवारची रात्र निवडली होती. सुट्टी कशामुळे आहे, हे ज्याने दुनियेला सांगायचं त्यालाच आठवलं नव्हतं. फ्रीज शुक्रवारी आला होता, त्याने अजून गुरुवार पाहिलाच नव्हता. तेव्हा फ्रीजचा दोष नव्हता, असं साहेबराव प्रामाणिकपणे सांगतात.

त्यांनी सुतळी सोडली. आतून कोमट वाफ आली. गरम आमटी रात्री दाटीवाटीने भरलेली, मधल्या डब्यांना थंडी शिवलीच नव्हती. ती अजून चांगली होती, पण संध्याकाळपर्यंत टिकणार नाही हे नाकालाही कळत होतं. साहेबराव स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे तळेगावच्या फलाटावर पिशवी घेऊन उभी असलेली प्रभावती आली. दोन वर्षं झिजवलेल्या चपला आल्या. आपल्या शहाणपणापायी तिची नोकरी जाणार, या विचाराने त्यांना खरोखर रडू यायला लागलं, आणि बबनरावांच्या गालावरचा साबण वाळत चालला तरी त्यांना जा म्हणवेना.

"संध्याकाळी वीज आली की परत गोठेल," ते पुटपुटले. "आई, चालेल ना?"

चतुराबाई प्लास्टरचा हात सांभाळत उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या.

"न्हाई चालनार," त्या म्हणाल्या. "ल्हानपनी दुसऱ्याच्या दारचं शिळं खाऊन वाढले मी सायबा. वरून टाकायचे, आमी खाली वटा पसरायचो. कवा आंबलेलं आसायचं, कवा बुरा आलेला. धम्म घेतला त्या दिशी मनाशी ठरिवलं, माज्या घरात शिळं ठिवायचं न्हाई. तू कपाटात ठिव न्हाईतर बरफात."

साहेबरावांना हे ठाऊक होतं, पण आईच्या तोंडून त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. बबनराव उगाच गालावरचा वाळलेला साबण खरवडत राहिले.

त्याच वेळी दारात मंजुळाबाई आल्या. नवं लुगडं, पदराखाली साखरेची पुडी, आणि चेहऱ्यावर कालचा राग. त्यांच्या मागे जिन्यात आणखी दोघीतिघी. मंजुळाबाई म्हणाल्या, घरात मोठं पातेलं गेलं, मागं चूल पेटली, सगळ्यांचे डबे नेले, आणि सांगावा मात्र कुणाला नाही; म्हटलं, विसरले असतील, आपणच जावं. आता तरी कळू द्या, कार्य कशाचं?

साहेबरावांनी तोंड उघडलं. कार्य नाही, गुणाकार चुकला, असं ते सांगणार होते. पण चतुराबाईंनी त्यांना डाव्या हाताने बाजूला केलं.

"कार्य हाय तर," त्या म्हणाल्या. "माजी सून मास्तरीन व्हायला गेलीया, त्याचं जेवान हाय. सांगावा आता देतीया. समद्यांनी या."

मग जे झालं त्यात साहेबरावांना काही काम उरलं नाही. त्यांचं स्वयंपाकघर त्यांच्या हातून गेलं. आमटी पुन्हा पातेल्यात ओतून मागच्या चुलीवर चढली आणि खळखळून उकळली. शालनबाईंनी भाताचं आधण ठेवलं, जिला जमेल तिने भाकरी थापल्या. चतुराबाई खुर्चीवर बसून डाव्या हाताने पळी धरून वाढत होत्या आणि प्रत्येकाला ‘आत्ताच उकळलीया, गरम हाय’ असं सांगत होत्या. यशवंतरावही आले. कार्य पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते दोनदा आमटी मागून जेवले. मीठ जरा पुढे आहे, असं ते म्हणाले, पण कार्यात चालतं. साहेबराव पंगतीत पाणी वाढत फिरले. योजनेत त्यांची हीच जागा होती, हे त्यांना उशिरा कळलं.

दुपारी पातेलं घासून परत गेलं. धुतलेले डबेही ज्याच्या त्याच्या घरी गेले, पण रिकामे द्यायचे कसे, म्हणून प्रत्येकात पळीपळी आमटी घालून गेले. मंजुळाबाईंचा तेवढा जाऊ शकला नाही. तो बर्फाच्या खणात मागे होता, असा घट्ट ठोकलेला की ओढून निघेना, आणि भोवती वितळलेलं पाणी साचलं होतं. संध्याकाळी वीज आली, ते पाणी गोठलं आणि डबा चारही बाजूंनी पक्का झाला. साऱ्या योजनेत गोठलेला एवढा एकच नग.

शुक्रवारी सकाळी साहेबराव कामावर निघाले तेव्हा घरात पावाची एक लादी होती आणि दुसरं काही नव्हतं. दुपारी आईने काय खाल्लं असेल या काळजीने त्यांचं फळ्यावर लक्ष लागेना. शनिवारचा माल त्यांनी मंगळवारी लावला. धावत घरी आले तर चतुराबाई भाकरीचा शेवटचा तुकडा पिठल्यात बुडवत होत्या. शालनबाई देऊन गेल्या होत्या, आमटीची परतफेड म्हणून. त्यांचा डबा आमटी घालून आला होता, त्याचं देणं त्या अंगावर कसं ठेवणार?

साहेबराव प्लॅनिंगमध्ये होते, त्यांना हिशेब कळायला वेळ लागला नाही. इमारतीतल्या प्रत्येक घरात त्यांची पळीभर आमटी गेली होती आणि प्रत्येक घर त्यांचं देणं लागत होतं. दहा दिवस, दोन्ही वेळा, कोणी ना कोणी दार वाजवत होतं. तव्यावरची भाकरी, नुकतं उतरलेलं वरण, फडक्यात गुंडाळलेली थालीपीठं. एकदा तर बबनरावांनी स्वतः केलेला शिरा आणला, तोही चतुराबाईंनी गोड मानून खाल्ला. अन्नाला हात लावून बघायची त्यांची जुनी सवय होती. दार उघडलं की आधी त्या डब्याला बोटं लावत, आणि मग म्हणत, या, बसा.

सगळ्यांत जास्त वेळा आल्या मंजुळाबाई, त्यांचा तर डबाही परत गेला नव्हता. त्या रोज दुसऱ्याच भांड्यातून आणत आणि जाता जाता, काही घाई नाही हं, पण तो आमच्या मामानं दिलेला डबा, एवढं म्हणत. साहेबरावांना ते ऐकवेना. रविवारी सकाळी कामावर जायच्या आधी त्यांनी कंपनीतून आणलेला मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बर्फ फोडायला बसले. डबा निघाला. त्याच्याबरोबर ‘फुस्स’ असा लांबलचक आवाजही निघाला, आणि तो संपेपर्यंत साहेबराव स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून बसले होते. मेकॅनिक आला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "कपाट म्हणून चांगलं आहे."

दहाव्या दिवशी संध्याकाळी प्रभावती आली. प्रमाणपत्र रुमालात गुंडाळलेलं होतं. ते तिने आधी सासूच्या हातात दिलं, आणि चतुराबाईंनी ते उलटंच धरून, डोळ्यांजवळ नेऊन, बराच वेळ पाहिलं. मग प्रभावती स्वयंपाकघरात गेली. गॅसची शेगडी थंड आणि लख्ख. आमटीचा डबा एक नाही. तिने फ्रीज उघडला. आत चतुराबाईंची औषधं, साहेबरावांचे इस्त्रीचे दोन शर्ट, आणि घासून पुसून ठेवलेला, एका बाजूने चेपलेला मंजुळाबाईंचा डबा. दिवा लागला नाही.

तिचा चेहरा उतरला. तिने सासूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, मग दहा दिवस आत्यांना जेवायला काय दिलंत?"

साहेबरावांनी घसा साफ केला. सेटिंगपासून सुरुवात करावी की गुणाकारापासून, हे ते ठरवत होते.

"गरम," चतुराबाई म्हणाल्या.